"फ्रिजमध्येच तर ठेवलं होतं": एका बाळंतपणाचं पूर्ण प्रकरण

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, १४ वर्षं झाली, आजवर किती बाळंतपणं बघितली त्याचा हिशोब नाही. पण लिस्टेरिया नावाच्या, अन्नातून लागणाऱ्या जंतूचं हे एक प्रकरण डोक्यातून जातच नाही म्हणून सुरुवातीपासून सगळं लिहून काढतेय. घरच्यांना विचारूनच लिहितेय, नाव गाव काही टाकलेलं नाही. पोरगी आणि लेकरू दोघंही आज नीट आहेत हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्यात कोणी दिवस गेलेली असेल तर उगं तिचा जीव टांगणीला लागायचा.

पोरगी २३ वर्षांची, पहिलटकरीण. नवरा पुण्याकडं कंपनीत, तीही तिकडंच राहायची. सातवा लागल्यावर ओटीभरण करून मार्चच्या शेवटाला माहेरी आणली, आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. माझ्याकडं नाव नोंदवलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.८, बीपी चांगलं, शुगर नॉर्मल, सोनोग्राफीत लेकराची वाढ तारखेप्रमाणं. कार्डावर लाल शेरा मारावा असं काहीच नव्हतं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, दुपारी पडून राहायचं, डाव्या कुशीवर झोपायचं, सगळं सांगितलं आणि हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून तिच्या आईला म्हणलं, काकू, हिला चांगलंचुंगलं खाऊ घाला. हे वाक्य मी रोज दहा जणींच्या आयांना म्हणते. चांगलंचुंगलं म्हणजे काय आणि ते कसं द्यायचं एवढं मात्र मी त्या दिवशी सांगितलं नाही.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, पोरीला ३१ वा आठवडा चालू. ऊन तर असलं की दुपारी पारा ४२ च्या पुढं. सकाळी सकाळी काकूंचा फोन, "सिस्टर, पोरीला कणकण येलालीय, अंग लई दुखतंय म्हणती, कंबर तर धरूनच बसलीय." मी लगेच गेले. ताप १००.८, नाडी जरा जोरात, घसा साफ, खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, बाळाचे ठोके एकदम चांगले. आदल्या आठवड्यात दोन दिवस पातळ संडास झाली होती पण उन्हाळ्यात ते कोण मोजतंय. मलेरियाची रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह आली. घरच्यांचं ठाम मत, ऊन लागलं. मी म्हणलं पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) चला तरी, पण त्यांनी जवळच्या खाजगी डॉक्टरला दाखवून आणलं, तिथं सलाईन लावलं, पॅरासिटामॉल दिलं आणि सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसात ताप उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पाचव्या दिवशी ताप परत आला, यावेळी हुडहुडी भरून, आणि पोरगी म्हणाली कालपासून बाळ नेहमीसारखं फिरत नाही. सहाव्या दिवशी पहाटे पाणी गेलं. मी पोचले तेव्हा साडीला लागलेलं पाणी बघितलं, ते पांढरं स्वच्छ नव्हतं, मातकट हिरवट होतं. आता यात एक गोष्ट आहे जी मला तेव्हा माहीत नव्हती आणि जी प्रत्येक नर्सनं लक्षात ठेवावी असं मला वाटतं. दिवस भरलेल्या बाळंतपणात बाळानं आतच शी केली आणि पाणी हिरवं झालं असं आपण कितीतरी वेळा बघतो, पण ३१ आठवड्यांचं लेकरू सहसा पोटात शी करत नाही. इतक्या कमी दिवसांचं बाळंतपण, आईला ताप, आणि पाणी मळलेलं, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की आत इन्फेक्शन आहे असं धरूनच चालायचं, आणि त्यात लिस्टेरियाचं नाव डोक्यात यायला पाहिजे. माझ्या डोक्यात आलं नाही. मी १०८ बोलावली, सोबत गेले, वाटेत कळा सुरू झाल्या.

मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर दोन तासात मोकळी झाली. मुलगी, वजन १ किलो ६२० ग्रॅम. रडली पण क्षीण, श्वास जोरजोरात चालू, छाती आत ओढत होती आणि पाठीवर पोटावर बारीक लालसर पुरळ. लेबर रूमच्या सिस्टरनं वार बघितली आणि मला बोलावून दाखवली, वारेवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट ठिपके होते, बाजरी सांडल्यासारखे. म्हणाली इतक्या वर्षात असं कधी बघितलं नाही. नंतर कळलं की ते ठिपके म्हणजे बारीक बारीक पुवाच्या गाठी होत्या, हा जंतू आईच्या रक्तातून वारेत घर करतो आणि तिथून बाळाकडं जातो.

बाळ एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात लेकरांच्या खास विभागात गेलं. बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच तासात बाळाचं रक्त कल्चरला (त्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) काढलं आणि अँपिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू केलं. आईचंही कल्चर काढलं, तिला मात्र सेफ्ट्रायाक्झोन चालू झालं. आणि इथं या प्रकरणातला सगळ्यात मोठा धडा आहे. सेफिक्झिम काय आणि सेफ्ट्रायाक्झोन काय, या सगळ्या एकाच घराण्यातल्या औषधांचा लिस्टेरियावर काही उपयोग होत नाही. जंतू नवा शहाणा झाला असं नाही, मुळातच या औषधांना तो दाद देत नाही. त्याला लागतं ते जुनं साधं स्वस्त अँपिसिलिन नाहीतर पेनिसिलिन, आणि ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याला कोट्रायमोक्झाझोल. म्हणजे पहिल्या दिवशी पोरीला ज्या गोळ्या मिळाल्या त्यानं हा जंतू हलला पण नाही, ताप उतरला तो पॅरासिटामॉलनं. त्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, तापाला तीच गोळी सगळीकडं लिहिली जाते आणि बहुतेक वेळा ताप दुसऱ्याच कशाचा असतो.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा पहिला रिपोर्ट आला, आणि तो जवळजवळ फेकून द्यायच्याच लायकीचा वाटला. लिहिलेलं होतं, डिफ्थेरॉइडसारखे दांडके, बहुधा कातडीवरून आलेले. म्हणजे रक्त काढताना सुईसोबत कातडीवरचे निरुपद्रवी जंतू आले असं समजायचं आणि सोडून द्यायचं. पण मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडम चिकट निघाल्या, त्यांच्या लक्षात आलं की आई आणि बाळ, दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळ्या वेळेला काढलेलं रक्त, आणि दोन्हीत तेच दांडके, मग हे कातडीवरचं कसं असेल. त्यांनी ते परत लावलं, एक २५ डिग्रीला, एक ३७ डिग्रीला.

मी बाळाला बघायला गेले तेव्हा त्यांना भेटले आणि हात जोडून म्हणलं मॅडम मला दाखवता का. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब लावला. इवलेसे दांडके, आणि ते पोहत नव्हते, कोलांट्या मारत होते, एक इकडं एक तिकडं, एकदम टकाटक उलटेपालटे. मॅडम म्हणाल्या हीच याची खूण, २५ डिग्रीला हा असा कोलांट्या मारतो आणि अंगाच्या तापमानाला गपगार होतो. हा थंडीतला जीव आहे सिस्टर, त्या म्हणाल्या, फ्रिजमध्ये बाकीचे जंतू झोपतात, हा हळूहळू वाढत राहतो. नाव लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. १९२६ मध्ये केंब्रिजला सशांमध्ये पहिल्यांदा सापडला, पुढं त्याला शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला शिकवणाऱ्या जोसेफ लिस्टरचं नाव दिलं गेलं.

त्याच दुपारी आईचं औषध बदलून मोठ्या डोसात अँपिसिलिन चालू झालं, ३६ तासात तिचा ताप गेला तो गेला. बाळाच्या पाठीतलं पाणी तपासलं, मेंदूच्या आवरणाला लागण नव्हती, हे मोठं नशीब, कारण तिथं लागण असली की औषध २१ दिवस द्यावं लागतं आणि नंतरची काळजीही जास्त. हिला १४ दिवस दिलं.

या १४ दिवसात एक फार वाईट गोष्ट झाली ती पण लिहिते. सासरकडची मंडळी आली आणि कोणीतरी बोललं, हिच्याच अंगातलं लेकराला लागलं, हिला लांब ठेवा. पोरगी नुसती भिंतीकडं तोंड करून रडत बसायची, दूध आटायला लागलं. मी आणि तिथल्या सिस्टरनं दोन दिवस बसून सगळ्यांना समजावलं की हा रोग शिवाशिवीनं लागत नाही, अन्नातून येतो, आणि पोटात बाळ असताना बाईच्या शरीराची काही ठराविक जंतूंशी लढायची ताकद निसर्गानंच थोडी सैल केलेली असते, बाळ म्हणजे अर्धं परकं शरीर, ते टिकावं म्हणून. म्हणून गरोदर बाईला लिस्टेरिया व्हायची शक्यता बाकीच्यांपेक्षा साधारण १० पट जास्त धरतात. तेच अन्न घरातल्या सहा जणांनी खाल्लं आणि एकाला नुसता जुलाब झाला आणि बाकीच्यांना काहीच नाही, हे असंच होतं, म्हणून "आम्हाला कुठं काय झालं" या बोलण्याला अर्थ नाही. डॉक्टरांनी आईचंच दूध काढून नळीनं द्यायला सांगितलं आणि चार दिवसांनी बाळ तिच्या छातीवर कांगारूसारखं बांधलं, त्यानंतर दोघींची तब्येत सुधारत गेली.

आता मुख्य प्रश्न, आलं कुठून. पोरगी अजून दवाखान्यात होती तेव्हा मी घरी गेले, काकू आणि आजी दोघींना घेऊन ओट्यासमोर बसले आणि मागच्या पाच सहा आठवड्यांचं खाणं आठवायला लावलं. या रोगात हीच अडचण आहे. बाकीच्या विषबाधेत रात्री खाल्लं की सकाळी उलट्या, माणसाला कळतं काय बाधलं. इथं खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते चार आठवडे सहज जातात, गरोदरपणात तर ७० दिवसांपर्यंत जाऊ शकतात. कोणाला आठवणार.

तरी आठवत आठवत जे निघालं ते ऐकून मला रडूच आलं, कारण सगळंच्या सगळं लाडापोटी होतं. सासरी सुनेच्या वाट्याला उरलंसुरलं येतं, तो वेगळा विषय आणि त्यावरही बोलायला पाहिजे, पण इथं तर लेक माहेरी आलेली, तिला मागेल ते मिळत होतं. आजी रोज सकाळी शेळीची धार काढून तिथंच उभ्या उभ्या अर्धा ग्लास कच्चं दूध तिला पाजायची, धारोष्ण दुधानं लेकरू गोरं आणि बळकट होतं म्हणून. डॉक्टर प्रोटीन खा म्हणाले म्हणून भाऊ आठवडी बाजारातून सुटं पनीर आणायचा, पोरगी ते चाट मसाला लावून कच्चंच खायची, उरलेलं तीन चार दिवस फ्रिजमध्ये. चुलत्याच्या लग्नातली बासुंदी मोठा डबा भरून आली होती, ती पाच दिवस पुरवून पुरवून थंडगार खाल्ली. कापलेलं कलिंगड तर रोजच, सकाळी कापायचं, दुपारपर्यंत फ्रिजमध्ये, उरलं तर दुसऱ्या दिवशी.

प्रत्येक वस्तूला काकूंचं एकच उत्तर, "सिस्टर, फ्रिजमध्येच तर ठेवलं होतं."

फ्रिज बघितला. लग्नात आलेला जुना, दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं, आत बर्फ लई साठतो म्हणून बटण एक नंबरवर. आम्ही लसीकरणवाल्या बाया थंडाव्याच्या बाबतीत जरा वेड्याच असतो, लस २ ते ८ डिग्रीच्या मधेच राहिली पाहिजे हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पीएचसीतून एक जुना थर्मामीटर मागून आणला आणि त्यांच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवला. दुपारी तीनला बघितलं तर १२. त्या दिवशी लाईट साडेतीन तास गेली होती. खाण्याचा फ्रिज ४ डिग्री किंवा त्याच्या खाली पाहिजे. ४ च्या खाली लिस्टेरिया वाढतो पण फार धीम्या गतीनं, १२ ला त्याला रान मोकळं. आणि मला त्या क्षणी चपराक बसल्यासारखं झालं की ज्या थंडाव्यावर मी १४ वर्षं लस सांभाळली तोच थंडावा या जंतूला मानवतो, आणि मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं की फ्रिज म्हणजे जंतू मारायचं यंत्र नाही. फ्रीजरमध्ये टाकलं तरी तो मरत नाही, नुसता थांबतो. मिठाच्या पाण्यात बरेच जंतू वाढत नाहीत, हा त्यातही तग धरतो. मारतं त्याला फक्त नीट लागलेली उष्णता. ७२ डिग्रीवर १५ सेकंद तापवलेल्या पाश्चराइज्ड दुधात तो शिल्लक राहत नाही, मग घरी उकळी आलेल्या दुधात कुठून राहणार.

निघता निघता आजी गोठ्याकडं बघून सहज बोलली, "यंदा सगळंच वंगाळ चाललंय बाई, ती कान्ही शेळी बी गेली." कशानं गेली विचारलं तर म्हणाली, मान एका बाजूला वाकडी झाली, एक कान लोंबायला लागला, गोल गोल फिरायची, भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची, तोंडातून लाळ, तीन दिवसात मेली. कधी? पोरीला ताप यायच्या तीन एक आठवडे आधी.

मी तिथूनच पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला, ओळखीचे आहेत, लसीकरणाला गावात आमची गाठ पडते. लक्षणं सांगितली तर पलीकडून दोन सेकंद आवाजच नाही, मग म्हणाले, सिस्टर त्यांच्याकडं मुरघास आहे का. होता. मुरघास म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा. दुष्काळी वर्षांपासून आपल्याकडं मक्याच्या मुरघासाच्या बॅगा घरोघरी आल्यात आणि चांगली गोष्ट आहे ती, जनावरं जगली त्याच्यावर. पण ही बॅग उंदरानं खालून कुरतडली होती. डॉक्टर संध्याकाळी आले, बॅगेत कोपरापर्यंत हात घालून मूठभर काढलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. नीट झालेल्या मुरघासाला लोणच्यासारखा आंबूस वास येतो, हा सडका होता, कडेला हिरवी पांढरी बुरशी. ते म्हणाले चांगल्या मुरघासात आंबटपणा इतका असतो की लिस्टेरिया वाढूच शकत नाही, पण हवा शिरली की तिथला थर आंबट राहत नाही आणि मातीतून आलेला हा जंतू तिथं माजतो. शेळ्या मेंढ्यांमध्ये हा मेंदूत जातो म्हणून जनावर गोल फिरतं. आणि कळपातल्या बाकीच्या शेळ्या वरून धडधाकट दिसल्या तरी लेंडीतून, कधी कधी दुधातूनही जंतू टाकत राहतात. धार काढताना कासेला लागलेली लेंडी दुधात पडली तरी पुरे.

मेलेली शेळी पुरून महिना होऊन गेला होता, मेंदूचा नमुना घेणं शक्य नव्हतं. पनीर, बासुंदी संपलेली. त्यामुळं आलं ते दुधातूनच असं शिक्का मारून मी लिहू शकत नाही, आणि मॅडमनी पण कागदावर "संभाव्य" असाच शब्द लिहिला. माझं स्वतःचं मन मात्र कच्च्या दुधाकडंच जातं, शेळीची तारीख आणि पोरीच्या तापाची तारीख शेजारी शेजारी ठेवली की.

पशुवैद्यक डॉक्टरांनी त्या संध्याकाळी एक जुनी हकीकत सांगितली ती इथं सांगितलीच पाहिजे. कॅनडात नोव्हा स्कॉशिया भागात १९८१ साली ४१ जणांना लिस्टेरिया झाला, त्यातल्या ३४ केसेस गरोदर बाया आणि नवजात लेकरांच्या. शोधत शोधत गेले तर सापडला कच्च्या कोबीचा सॅलड. कोबी ज्या शेतात पिकला तिथं मेंढ्यांचं कच्चं खत टाकलेलं आणि त्या शेतकऱ्याच्या दोन मेंढ्या याच रोगानं मेलेल्या. कोबी हिवाळाभर कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवला आणि तिथल्या गारव्यात जंतू निवांत वाढला. हा रोग अन्नातून येतो हे पक्कं ठरलं ते या प्रकरणातून. ऐकताना मला आपलीच रानं दिसत होती, मेंढपाळ मेंढ्या बसवतात, लेंडीखत टाकतात, आणि मग तिथलाच कोबी, गाजर, कोथिंबीर आपण नुसती पाण्यात बुचकळून कोशिंबिरीत घालतो. खत चुकीचं नाही, ते चांगलं कुजलेलं पाहिजे आणि भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतली पाहिजे, गरोदर बाईनं तर कोबी शिजवूनच खावा.

आणि हा फक्त खेड्यातला, गोठ्यातला रोग आहे असंही कुणी समजू नये. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये जगातली आजवरची सगळ्यात मोठी साथ आली, १०६० केसेस, २१६ मृत्यू, आणि कारण निघालं कारखान्यात बनलेलं पोलोनी नावाचं तयार मांसाचं सॉसेज, जे लोक न तापवता पावासोबत खातात. पदार्थ बनताना शिजतो पण नंतर कापायचं यंत्र, पाण्याची मोरी, ओला टेबल यांच्यावर हा जंतू चिकट थर करून वर्षानुवर्षं बसतो आणि शिजलेल्या पदार्थाला परत लागतो. सुट्या पनीरचं पण हेच. पनीर करताना दूध तापतंच की, पण नंतर ते ज्या फडक्यात बांधतात, ज्या पाण्यात बुडवून ठेवतात, ज्या सुरीनं कापतात, तिथं घोळ होतो. म्हणून भाजीत रटरट शिजलेलं पनीर खुशाल खा, कच्चे तुकडे गरोदर बाईनं नको. आपल्या धाराशिवचा खवा पेढा तर आपला अभिमान आहे, कुंथलगिरीच्या खव्याचं नाव लांबवर आहे, खवा कढईत तासभर आटतो तेव्हा त्यात हा जंतू जगत नाही, ताजा घ्या, ओळखीच्या भट्टीवरून घ्या आणि चार दिवस फ्रिजमध्ये ठेवून खाऊ नका.

दह्या ताकाचं मला सगळ्यात जास्त विचारतात. उकळलेल्या दुधाचं घरी विरजलेलं दही, त्याचं ताजं ताक, बिनधास्त प्या, आंबट दह्यात हा जंतू वाढू शकत नाही. मला भीती या गोष्टीची वाटते की असलं काही वाचून बाया दूध दहीच सोडतील. आपल्या पट्ट्यात निम्म्या बाया रक्त कमी असलेल्या दिसतात, त्यांना खाणं बंद करायला सांगणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खायचं सगळं, फक्त दूध उकळून, उरलेलं वाफ येईपर्यंत परत गरम करून, फळ कापलं की लगेच संपवून. कलिंगडाची साल धुवून मग कापायची हे पण नवीन वाटतं लोकांना, सालीवरची माती सुरीसोबत आत जाते. साठीच्या पुढची माणसं, शुगरवाले, कॅन्सरची औषधं किंवा स्टिरॉइड चालू असलेले, किडनी बदललेले, यांनाही हेच लागू. यांच्यात हा जंतू रक्तात आणि मेंदूत जातो आणि वेळेवर औषध मिळून सुद्धा साधारण पाचातला एक जण दगावतो.

गावात मी काय बदललं ते सांगते. ओटीभरणाच्या आधी ज्या घरी जाते तिथं आजीला वेगळं बसवून बोलते, कारण धारोष्ण दूध आई देत नाही, आजी देते. "आजी, तुमचं दूध लाखमोलाचं आहे, फक्त एक उकळी येऊ द्या" असं म्हणलं की ऐकतात, दूध वाईट आहे म्हणलं की बिघडतात. पशुवैद्यक डॉक्टरांशी ठरलंय की गोल फिरणारं जनावर किंवा एकदम गाभडलेल्या शेळ्या दिसल्या की ते मला फोन करतात आणि मी त्या घरात दिवस गेलेली कोण आहे बघते. त्या घरच्या बाईनं गाभडलेल्या शेळीचं पिल्लू आणि वार हातानं उचलायची नाही, हे मी आधी सांगत नव्हते.

आणि तापाचं. गरोदर बाईला १००.६ च्या वर ताप आहे, खोकला सर्दी लघवी असं ठळक कारण दिसत नाही, तर मी आता मागच्या दोन महिन्यांचं खाणं विचारते, कच्चं दूध, सुटं पनीर, शिळं थंड, आणि चिठ्ठीवर ठळक लिहून देते की कल्चरचं रक्त अँटिबायोटिक द्यायच्या आधी काढावं. संडासची तपासणी यात काही कामाची नाही, रक्तच लागतं. संशय दाट असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता अँपिसिलिन चालू करतात. उलट जिला काहीच होत नाहीये, नुसतं चुकून कच्चं दूध पिलंय, तिला ना तपासणी लागते ना औषध, नुसतं लक्ष ठेवायचं.

लेकरू आता सात महिन्यांचं आहे. कानाची तपासणी झाली, नीट ऐकू येतंय, मान वेळेवर धरली, पालथं पडतंय. त्यांच्या फ्रिजचं रबर बदललं, आणि आजी दूध उकळताना स्वतः चुलीपुढं बसते, उतू जाईपर्यंत हलत नाही.

मागच्या पंधरवड्यात शेजारच्या वस्तीवर आठव्या महिन्यातली एक जण तापानं फणफणलेली भेटली. विचारलं तर लग्नातलं उरलेलं पनीर चार दिवस कच्चंच खाल्लेलं. हात पाय गार पडले माझे. १०२ ची गाडी करून थेट जिल्ह्याला नेली, डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी एक शब्द न बोलता रक्त लघवी दोन्ही कल्चरला लावली. लिस्टेरिया नव्हता, लघवीचं इन्फेक्शन निघालं, चार दिवसात बरी होऊन घरी आली. तिची सासू मला म्हणाली, सिस्टर, उगं एवढा धुरळा केला तुम्ही. मी काही बोलले नाही, तिच्या कार्डावर तारीख टाकली आणि पुढच्या घरी गेले.